भिंतीत केबल पुरू नका, रुंद पाइप टाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांतल्या नव्या सदनिकांमध्ये आणि बंगल्यांमध्ये एखादी खोली घरगुती चित्रपटगृहासाठी राखून ठेवण्याची हौस आता पुष्कळ कुटुंबांत दिसते. प्रोजेक्टर कोणता घ्यावा, पडदा किती इंची असावा, यावर महिनोन्‌महिने खल होतो. मात्र प्लेअरपासून छतावरच्या प्रोजेक्टरपर्यंत चित्र आणि आवाज नेणारी एचडीएमआय केबल प्लास्टरच्या आदल्या दिवशी हाताला लागेल ती आणली जाते आणि झिरीत कायमची बुजवली जाते. या एका चुकीपायी पुढे चांगली भिंत फोडावी लागते, म्हणून हे पत्र.

माझ्या घरी असेच झाले. काम करणाऱ्या वायरमनने पंधरा मीटरची तांब्याची केबल भिंतीत घातली आणि त्या वेळच्या १०८० रेषांच्या प्रोजेक्टरवर काही वर्षे चित्र उत्तम दिसले. पुढे फोर-केचा, म्हणजे चौपट ठिपक्यांच्या बारीक चित्राचा प्रोजेक्टर आणि प्लेअर आणला, तेव्हा काळोख्या दृश्यांत पांढरे ठिपके चमकू लागले, मग पडदा दोन-तीन सेकंद काळा पडू लागला आणि शेवटी ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरे उरली. प्लेअर बदलून पाहिला, प्रोजेक्टर तपासून आणला. अखेर एका संध्याकाळी स्टुलावर चढलो, प्लेअर हातात धरून दोन मीटरच्या साध्या केबलने तो थेट प्रोजेक्टरला जोडला आणि चित्र लख्ख आले. दोष भिंतीच्या पोटात होता.

यामागचे कारण सरळ आहे. १०८० रेषांच्या, सेकंदाला ६० चौकटींच्या चित्राला माहिती वाहण्याचा सुमारे साडेचार गिगाबिट (अब्ज बिट) प्रतिसेकंद एवढा वेग पुरतो; तेच चित्र फोर-केमध्ये हवे असेल तर हा आकडा जवळपास १८ वर जातो आणि २०१७ साली आलेल्या एचडीएमआय २.१ या आवृत्तीत तो ४८ पर्यंत पोहोचतो. वेग जितका जास्त, तितका तांब्यातून जाताना दर मीटरमागे संदेश अधिक क्षीण होतो. जुन्या अँटेनाच्या काळी चित्राला हळूहळू मुंग्या येत. डिजिटल संदेश मात्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष दिसतो आणि ती ओलांडली की एकदम कोसळतो. म्हणून ‘चित्र दिसतंय ना, मग झालं’ ही पारख फक्त त्या दिवसापुरती असते. १८ गिगाबिटांसाठी साध्या तांब्याच्या केबलवर पाच-सात मीटरच्या पुढे भरवसा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि अंतर मोजताना हमखास फसगत होते. प्रोजेक्टर समोर चौदा फुटांवर दिसतो. पण केबल टेबलामागून आठ फूट वर चढते, कोपऱ्याला वळसा घालते, भिंतीच्या कडेने जाते आणि मग छताच्या मध्यावर येते. चौदाचे पस्तीस फूट, म्हणजे साडेदहा मीटरच्या वर, सहज होतात. त्यामुळे आधी सुतळी धरून खरा मार्ग मोजावा.

एवढ्या अंतराला ऑप्टिकल एचडीएमआय केबल योग्य. तिच्यात चित्राचा संदेश काचेच्या तंतूतून प्रकाशरूपाने जातो. मात्र तिला दिशा असते: एक टोक प्लेअरकडचे, दुसरे प्रोजेक्टरकडचे. उलटी ओढली तर चित्र येतच नाही. ती काटकोनात मुडपू नये आणि ओढताना प्लगला धरून ओढू नये. दुसरा मार्ग एचडीबेसटीचा. यात दोन्ही टोकांना संदेश पाठवणारा व घेणारा असे डबे बसवून संगणकाच्या नेटवर्कसाठी वापरतात त्या कॅट-६ केबलवरून शंभर मीटरपर्यंत चित्र नेता येते. खरेदी करताना खोक्यावरच्या ‘२.१’ या आकड्याला भुलू नये, कारण केबलची प्रतवारी आवृत्तीवर नव्हे, वेगावर ठरते: १८ गिगाबिटांसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४८ साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असे स्कॅन करून खात्री करता येणारे लेबल पाहावे.

तरीही माझा खरा आग्रह केबलपेक्षा पाइपसाठी आहे, कारण आजची उत्तम केबलही उद्या अपुरी पडेल. दिव्या-पंख्यांच्या वायरिंगचा वीस-पंचवीस मिलिमीटरचा पाइप इथे चालत नाही. एचडीएमआय प्लगचे धातूचे तोंडच सुमारे १४ मिलिमीटर रुंद असते आणि त्यावरच्या आवरणासह तो पहिल्याच बेंडला अडकतो. निदान चाळीस, जमल्यास पन्नास मिलिमीटरचा पाइप टाकावा, काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड वापरावेत, विजेच्या वायरी वेगळ्या पाइपातून न्याव्यात आणि आत नायलॉनची दोरी कायम सोडून ठेवावी. केबल आत ओढण्याआधी जमिनीवर पसरून स्वतःच्याच प्लेअर-प्रोजेक्टरवर तासभर फोर-के चालवून पाहावे.

माझ्या घरी आता ऑप्टिकल केबल रंगवलेल्या भिंतीवरून केसिंग पट्टीत गेली आहे आणि जुनी आतच पडून आहे. शहरातील बांधकाम व्यावसायिकांनी हॉलच्या नकाशातच असा एक रिकामा पाइप दाखवावा आणि आपण घरांविषयीच्या पुरवणीत या विषयाला जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक