खडीर बेटावरील काका आणि बा यांस, बडोद्याहून

आदरणीय काका आणि बा,

सादर नमस्कार.

खडीरहून घरी पोहोचल्यावर आम्ही फोन केला होता, पण आपण आभाराचे एक वाक्यही पुरे करू दिले नाही आणि विषय लगेच नानांच्या दम्यावर नेला. म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे. आपले नाव आणि गाव छापू नये ही आपली इच्छा मी पाळली आहे. पत्र मराठीत आहे, कारण बडोद्यातील पुष्कळ मराठी कुटुंबे दर हिवाळ्यात कच्छला जातात आणि आपण आमच्यासाठी जे केले ते त्यांनाही कळावे असे मला मनापासून वाटते. गुजरातीतील प्रत आपल्या पत्त्यावर वेगळी पाठवली आहे. ती आपली नात वाचून दाखवील.

आमच्या घरच्या या प्रवासाला दोन कारणे होती. माझे सासरे, म्हणजे नाना, यांना आयुष्यात एकदा धोळावीरा हे हडप्पा संस्कृतीचे प्राचीन नगर पाहायचे होते, आणि नारेश्वरच्या दत्तस्थानी नेमाने जाणाऱ्या माझ्या सासूबाईंना खावड्याकडच्या काळ्या डुंगरावरच्या दत्ताचे दर्शन घ्यायचे होते. त्यामुळे सामखियाळीवरून कच्छात शिरून, रापर, बालासर, लोदराणी या वाटेने खडीर बेटावर यायचे आणि धोळावीरा पाहून खावड्याच्या बाजूने बाहेर पडायचे असे ठरले. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते की खडीर हे समुद्रातले नव्हे, तर कच्छच्या मोठ्या रणातले बेट आहे. पावसाळ्यात रणात पाणी भरते, हिवाळ्यात ते आटून मिठाचा पांढरा थर उरतो, आणि दोन्ही ऋतूंत बेटावरची गावे बाहेरच्या जगाशी जोडलेली राहतात ती रणातून बांधून काढलेल्या उंच रस्त्यामुळे. लोदराणी मागे पडली की हा रस्ता लागतो, आणि तो ओलांडल्यावर येणारे अमरापर हे बेटावरचे पहिले गाव. रापर ते धोळावीरा हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे.

आमच्या गाडीचे पुढचे चाक बसले ते या रणातल्या रस्त्याच्या अलीकडे. स्टेपनी लावून निघालो, तर बेटावर चढल्यावर तीही बसली. दिवस मावळत होता, वारा झोंबत होता, आणि नानांना धाप लागू लागली होती. अशा वेळी मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून आपण समोरून आलात. आपण आधी चाकाकडे पाहिलेही नाही. गाडीच्या खिडकीतून नानांचा चेहरा पाहिलात, काही न बोलता कॅन सोडवून रस्त्याच्या कडेला ठेवलेत, अंगावरची धाबळी काढून नानांना गुंडाळलीत, आणि माझ्या यजमानांच्या मदतीने त्यांना आपल्यामागे बसवून घराकडे नेलेत. अर्ध्या तासाने आपण शेजाऱ्यांची जीप आणि दोरखंड घेऊन परत आलात, तोवर आमच्या मनात जे जे येऊन गेले ते येथे लिहीत नाही. आम्ही आपल्या अंगणात उतरलो तेव्हा नाना चुलीजवळ बसून वाफ घेत होते आणि बा त्यांच्या पाठीला शेक देत होत्या. रात्रभर बा दर थोड्या वेळाने उठून त्यांना पाहत होत्या, हे मला ठाऊक आहे, कारण मीही जागीच होते.

दुधाची गोष्ट मला दुसऱ्या दिवशी सकाळी समजली, तीही बांनी सांगितली म्हणून नव्हे, तर मोठ्या पातेल्यात इतके दूध कशासाठी आटवता असे मी विचारले म्हणून. संध्याकाळचे दूध ठरल्या वेळेत संकलन केंद्रावर पोहोचले नाही तर ते घेत नाहीत, आणि आपण आमच्यामागे असताना ती वेळ टळून गेली होती. बा उलथन्याने पातेल्याच्या कडेची साय खरवडून आत ढकलत होत्या, चुलीतले वेड्या बाभळीचे लाकूड पुढे सारत होत्या, आणि जणू आज मावा करायचे आधीपासूनच ठरले होते अशा सहजतेने बोलत होत्या. दुधावर चालणाऱ्या घरात एका वेळचे सगळे दूध जाणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी गाईम्हशी आहेत त्यांना सांगावे लागणार नाही. त्या दुधाचे पैसे आपण घेतले नाहीत. उलट त्याच माव्याचा डबा निघताना आमच्या हातात ठेवलात. काका, अन्य सगळ्या गोष्टींसाठी आभार मानताना शब्द सापडतात, या एका गोष्टीपाशी ते अपुरे पडतात.

यानंतर चाकांचे जे झाले ते मला येथे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यात आपल्यासोबत इतर अनेकांचे आभार आहेत. सकाळी रापरकडे जाणारी एसटी थांब्यावर आली तेव्हा आपण दोन्ही चाके तिच्यात चढवलीत. चाकांवर खडूने गावाचे नाव लिहिलेले होते, एवढीच त्यांची पावती. कंडक्टरने ती रापरच्या पंक्चरवाल्याकडे उतरवली, पंक्चरवाल्याने एकातून बाभळीचा काटा काढून आणि दुसऱ्याला नवी ट्यूब घालून ती दुपारच्या गाडीत चढवून दिली, आणि दिवस उतरायच्या आत ती आपल्या थांब्यावर परत आली. चाकाच्या रिंगला सुतळीने एक कागदाची पुडी बांधलेली होती. तिच्यात पंक्चरवाल्याने लिहिलेला हिशेब होता आणि उरलेले सुटे पैसे होते. आम्ही त्या पंक्चरवाल्याला पाहिलेले नाही, त्याने आम्हांला पाहिलेले नाही. त्याच बसमधून त्याच दिवशी कोणाचे औषध आले, कोणाचा दुरुस्त केलेला चष्मा आला, आणि पंपाचा एक सुटा भाग थांब्यावरच्या दुकानात ठेवला गेला, ज्याचा मालक संध्याकाळी येऊन तो घेऊन जाणार होता. शहरात आम्ही ज्याला रस्ता म्हणतो त्याला दोन टोके असतात आणि मधल्या कोणाशी आमचा संबंध येत नाही. आपल्याकडे रस्ता म्हणजे थांब्यावर बसलेला दुकानदार, नाव लक्षात ठेवणारा कंडक्टर आणि सुटे पैसे बांधून पाठवणारा कारागीर. या तिघांनाही आमचा नमस्कार पोहोचवावा ही विनंती.

चाके परत येईपर्यंतचा तो दिवस आपण नानांना दिलात, याचे ऋण निराळे आहे. धोळावीऱ्याविषयी नानांनी पुष्कळ वाचले होते. जगत्पती जोशी यांनी १९६७-६८ मध्ये या जागेची नोंद केली, १९९० च्या सुमारास रवींद्र सिंह बिष्ट यांच्या देखरेखीखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे उत्खनन सुरू झाले, आणि जुलै २०२१ मध्ये युनेस्कोने हे नगर जागतिक वारसा म्हणून मान्य केले, हे सारे त्यांना पाठ आहे. परंतु त्या उत्खननात तरुणपणी मातीच्या टोपल्या वाहिलेल्या माणसाचा हात धरून त्या पायऱ्या उतरायला मिळतील असे त्यांना स्वप्नातही वाटले नव्हते. पूर्वेकडील मोठ्या जलाशयाच्या काठावर, जो सुमारे ७३ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद आहे, आपण थांबलात आणि आपली टोळी कोणत्या कोपऱ्यात खोदत होती, तळ लागायला किती वेळ लागला, आणि दगडात खोदलेली पायरी प्रथम उघडी पडली तेव्हा सगळ्यांनी हातातले काम कसे थांबवले, ते सांगितलेत. उत्तरेकडून मनसर आणि दक्षिणेकडून मनहर असे दोन ओढे. पावसाळ्यात थोडे दिवस वाहणारे. त्यांचे पाणी बांध घालून वळवायचे आणि एकाखाली एक असलेल्या तलावांत साठवायचे, ही त्या नगराची सगळी हुशारी. आपण ती समजावलीत ती पुस्तकातल्या भाषेत नव्हे, तर ज्याला आजही आपल्या शेताच्या बांधावर तोच विचार करावा लागतो त्याच्या भाषेत: उतार कुठे आहे, गाळ कुठे बसेल, पहिले पाणी सोडून द्यायचे की धरायचे. उत्तर दरवाजापाशी सापडलेल्या दहा चिन्हांच्या फलकाविषयी नानांनी विचारले तेव्हा, तो सापडला त्या दिवसांत मजुरांमध्येही त्याच्या वाचनावरून पैजा लागत असत, असे आपण म्हणालात. ती सिंधू लिपी अजून कोणालाही वाचता आलेली नाही. नाना परत आल्यापासून प्रत्येक पाहुण्याला ही पैजांची गोष्ट सांगतात. माझे मत असे की वस्तुसंग्रहालयात जिथे संशोधकांची माहिती लिहिलेली असते, तिथे खडीरच्या गावांतून कामाला आलेल्या स्त्रीपुरुषांविषयीही चार ओळी असायला हव्यात.

दुपारी आपण आम्हांला रणाच्या काठावर नेऊन दगड झालेली झाडांची खोडे दाखवलीत, जी जुरासिक काळातली आहेत, आणि परतताना आपल्या आईची हकिगत सांगितलीत. रणातला रस्ता होण्यापूर्वी पावसाळा सुरू झाला की बेटावरच्या माणसाने धान्य, मीठमसाला आणि बी-बियाणे घरात आहे ना हे पाहून ठेवायचे. पाणी आटल्यावर उंटावर बसून किंवा पायी रण ओलांडायचे. आणि मधल्या काळात कोणी अडले तर त्याने गावच्या सुइणीवर आणि देवावर विसंबायचे. आपल्या थोरल्या बहिणीविषयी आपण जे सांगितलेत ते घरचे दुःख आहे, म्हणून ते येथे लिहीत नाही. मात्र ते ऐकल्यापासून, रस्ता झाला तेव्हा बा त्याच्या डांबराला हळदकुंकू वाहून आल्या होत्या याचा अर्थ मला पूर्ण उमगला आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भचाऊ तालुक्यातली गावेच्या गावे पडली, तेव्हा याच वाटेने मदत बेटावर येऊ शकली, असेही आपण सांगितलेत.

आता थोडे खावड्याकडच्या नव्या रस्त्याविषयी, कारण निघताना आपण मला एक काम सोपवले होते. पूर्वी भूजहून धोळावीऱ्याला यायचे तर भचाऊ आणि रापरचा वळसा घेऊन २०० हून अधिक किलोमीटर यावे लागे. रणातून थेट खावड्याला जाणाऱ्या सुमारे ३० किलोमीटरच्या रस्त्यामुळे ते अंतर बरेच कमी झाले. भूजचे मोठे दवाखाने, महाविद्यालय आणि जिल्ह्याची कचेरी जवळ आली. हा रस्ता आपल्याला हवा होता आणि आपण त्याची वाट पाहिलीत. परंतु त्याची छायाचित्रे फोनोफोनी फिरू लागल्यापासून मोटारींची रीघ लागली आहे. लोक रस्त्याच्या मध्यावर गाड्या उभ्या करतात, भरधाव गाड्यांखाली गुरे सापडतात, बाटल्या आणि पुड्या मिठावर पडून राहतात, आणि बेटावरच्या गावांत कोणी थांबत नाही. हा सगळा टापू कच्छ वाळवंट अभयारण्याचा आहे, आणि याच मोठ्या रणात रोहित पक्षी मातीची घरटी बांधून पिले वाढवतात. आपण म्हणालात, "येऊ द्या माणसे, पण बडोद्याला सांगा की इथे आम्ही राहतो." काका, ते मी येथे सांगत आहे. बडोद्यातून जे कोणी खडीरला जातील त्यांनी गाडी कडेला घेऊन उभी करावी, गुरे दिसताच वेग कमी करावा, आपला कचरा आपल्यासोबत परत आणावा, आणि चहा, जेवण, मुक्काम यांसाठी बेटावरच्या गावांत थांबावे. बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि ताक यांचे जेवण तेथे कोणत्याही गावात प्रेमाने मिळते.

सासूबाईंना काळ्या डुंगरावर दत्ताचे दर्शन झाले. दुपारच्या आरतीनंतर कोल्ह्यांसाठी ठेवतात तो प्रसादही त्यांनी पाहिला, आणि तेथे त्यांनी आपल्या दोघांच्या नावाने नारळ वाढवला, हे त्यांनी मला मुद्दाम लिहायला सांगितले आहे. नानांची तब्येत चांगली आहे. आपली धाबळी धुऊन, बांधून ठेवली आहे. ती टपालाने पाठवू नये, आपण येथे याल तेव्हाच न्यावी असा नानांचा हट्ट आहे.

आपल्या नातीला बारावीनंतर पुरातत्त्वाचा अभ्यास करावासा वाटतो असे ती म्हणाली होती. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील त्या विषयाचा विभाग १९५० पासून आहे आणि कच्छात त्यांनी स्वतः उत्खनने केली आहेत. तेथे जाऊन मी प्रवेशाची माहिती, लागणारी कागदपत्रे आणि मुलींच्या वसतिगृहाचे नियम विचारून आले. ते सर्व गुजराती प्रतीसोबत जोडले आहे. वसतिगृहात जागा मिळेपर्यंत ती दांडिया बाजारातल्या आमच्या घरी राहील, त्याचा संकोच करू नये. प्रवेशाच्या वेळी आपण दोघांनीही तिच्यासोबत यावे. भचाऊला गाडीत बसल्यावर एक फोन करावा, म्हणजे यजमान स्टेशनावर घ्यायला येतील.

आपल्या सर्वांच्या ऋणात,

दांडिया बाजार, बडोदे येथील आपले पाहुणे कुटुंब