माँपेलिएची जुनी पेठ पायीच बघा

स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतील दक्षिण फ्रान्सवरील लेखात माँपेलिए शहर 'समुद्राकडे जाताना लागणारे' एवढ्यावर आटोपले, म्हणून हे पत्र. मुलगी तिथे शिकते, त्यामुळे मी तीन आठवडे राहिलो.

जुन्या गावाला 'एक्यूसाँ' म्हणतात, कारण नकाशात त्याचा आकार ढालीसारखा दिसतो. तटबंदी बहुतेक गेली; बाबोत बुरूज उभा आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की सायकलवाला आला की भिंतीला चिकटावे लागते. रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंचबरोबर ऑक्सिटन ही दक्षिण फ्रान्सची जुनी भाषाही दिसते, याचे मला अप्रूप वाटले.

बारालेरी गल्लीत मध्ययुगीन ज्यूंचे स्नानकुंड आहे, 'मिकवे'. दगडी पायऱ्या उतरून गेलो (गुडघे कुरकुरले), तर तळाशी हिरवट, काचेसारखे स्वच्छ पाणी. ते जमिनीतूनच झिरपते. बाहेर ऊन रणरणत होते आणि इथे थेट आपल्या बारवेतला गारवा!

मी चाळीस वर्षे दवाखान्यात कंपाउंडर होतो, त्यामुळे वैद्यक विद्यालयापुढे जरा जास्तच रेंगाळलो. त्याचे नियम 1220 साली लिहिले गेले आणि ते अजून चालू आहे. इमारत म्हणजे जुना मठ. शेजारी साँ-प्येर चर्च, दाराशी दोन अवाढव्य गोल खांब. एकाला टेकून मी डबा उघडला. पोळी-भाजी. कोणी हटकले नाही.

लेखकाने पुढच्या खेपेला एक दिवस तरी इथे काढावा.

– एक निवृत्त कंपाउंडर, सातारा