महोत्सव माहितीपटांचा, छायाचित्र मात्र अभिनेत्रीचे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाच्या उद्घाटनाची जी बातमी कालच्या अंकात पहिल्या पानावर झळकली आहे, ती वाचून हा महोत्सव माहितीपटांचा आहे हे नवख्या वाचकाच्या लक्षात आले असेल का, याची मला शंका आहे. चार स्तंभी रंगीत छायाचित्र हिंदी चित्रपटांतील एका अभिनेत्रीचे, तिच्या पोशाखाचे वर्णन दोन परिच्छेद भरून, आणि सर्वांत शेवटी, देशविदेशांतील माहितीपटकारांनीही हजेरी लावली, एवढे एकच वाक्य. छायाचित्राच्या उजव्या कडेला कोणा गृहस्थांचा खांदा आणि गळ्यातले ओळखपत्र तेवढे दिसते. ते बहुधा माहितीपटकार असावेत. ज्यांनी इतक्या नेमकेपणाने कात्री चालवली, त्यांचे अभिनंदन.

अभिनेत्रीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तिला बोलावले आणि ती आली. परंतु माहितीपट करणारी माणसे महोत्सवाला मिरवायला येत नाहीत, एवढे तरी आपल्या वार्ताहराला ठाऊक असावे, अशी माझी अपेक्षा होती. चित्रपटगृहे या मंडळींना क्वचितच खेळ देतात, वाहिन्यांकडे त्यांच्यासाठी वेळ नसतो, त्यामुळे वर्षानुवर्षे खपून केलेले काम मोठ्या पडद्यावर, अनोळखी प्रेक्षकांत बसून पाहण्याची संधी त्यांना बहुतेक वेळा महोत्सवातच मिळते. १९८८ पासून ॲमस्टरडॅमला भरणाऱ्या महोत्सवात तर वाहिन्यांच्या आणि निधी देणाऱ्या संस्थांच्या प्रतिनिधींसमोर उभे राहून, मोजक्या मिनिटांत, आपला अपुरा माहितीपट त्यांच्या गळी उतरवावा लागतो आणि पुढच्या चित्रीकरणाला पैसे मिळणार की नाही, ते बरेचसे त्यावर ठरते.

काही वर्षांपूर्वी एका महोत्सवात (नाव घेत नाही) मिठागरांत राबणाऱ्या स्त्रियांवरचा माहितीपट मी पाहिला. खेळ सकाळचा, सभागृह सर्वांत लहान. दिग्दर्शिकेने माहितीपटातल्या एका बाईंना सोबत आणले होते. नऊवारी नेसलेल्या त्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि पडद्यावर ओळखीचे कोणी दिसले की त्याचे नाव मोठ्याने सांगत होत्या. खेळानंतर एका प्रेक्षकाने मिठाचा भाव कोण ठरवतो, असे विचारले. ‘हे त्यांनाच विचारा,’ असे म्हणून दिग्दर्शिकेने ध्वनिक्षेपक बाईंकडे दिला. बाईंनी तो दोन्ही हातांनी धरला, घसा खाकरला, आणि तेवढ्यात दारातल्या स्वयंसेवकाने ‘वेळ संपली’ असा फलक उंच धरला. त्याच सभागृहात पुढे एका नामवंत अभिनेत्याची मुलाखत होती आणि वाहिन्यांच्या मंडळींना कॅमेऱ्यांच्या तिपाया मांडायच्या होत्या. दिग्दर्शिकेने दोन मिनिटे मागितली, तीही मिळाली नाहीत. बाईंच्या हातून ध्वनिक्षेपक अक्षरशः काढून घेण्यात आला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत अभिनेत्याची मुलाखत सविस्तर होती. मिठागरांबद्दल अवाक्षर नव्हते. त्या वृत्तपत्रांत आपलेही होते, हे नाइलाजाने नमूद करतो.

आपल्या मुंबईत १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपट यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरत आला आहे. २००४ सालच्या महोत्सवासाठी देशी माहितीपटांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची अट घालण्यात आली, परदेशी माहितीपटांना मात्र ती नव्हती. माहितीपटकारांनी एकजुटीने ती मागे घ्यायला लावली. मग निवडीतच अनेक अडचणीचे माहितीपट गळाले, तेव्हा याच मंडळींनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाने स्वतःचा महोत्सव भरवून दाखवला. म्हणजे ही माणसे महोत्सवाला भांडायलाही येतात, आणि भांडणाची तरी बातमी होते, अशी आमची आपली भाबडी समजूत.

परदेशात पारितोषिक मिळाले की मात्र आपल्याला माहितीपटांचा उमाळा येतो. मुंबईच्या कोळ्यांवरील सर्वनिक कौर यांच्या माहितीपटाला २०२३ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. आपल्या दाराशी मासे विकणारी माणसे अमेरिकेला वळसा घालून आल्याशिवाय आपल्या पानावर येऊ नयेत, हे मुंबईतल्या मराठी दैनिकाला शोभत नाही.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. मुंबईचा हा महोत्सव पूर्वी जानेवारी-फेब्रुवारीत होत असे. २०२४ मध्ये तो १५ ते २१ जून असा झाला. भर पावसाळ्याच्या तोंडावर, छत्री सांभाळत पेडर रोड गाठणे माझ्या वयाच्या प्रेक्षकाला किती सोयीचे असते, यावर आपण अग्रलेख लिहावा असे मी म्हणत नाही, पण एखादे स्फुट लिहायला हरकत नव्हती.

असो. सध्याच्या महोत्सवाचे अजून काही दिवस बाकी आहेत. उद्याचे खेळ, त्यांची सभागृहे आणि दिग्दर्शकांची नावे आजच्या अंकात छापलीत, तर वाचकांवर उपकार होतील. जागा कमी पडत असेल तर राशिभविष्य एक दिवस आखडते घ्यावे. आणि एखाद्या सकाळच्या खेळाला वार्ताहर जरूर पाठवावा. पहिल्या रांगेत त्याला हमखास जागा मिळेल.

आपला,
एक जुना वाचक,
दादर, मुंबई