नौपाड्याच्या लॅबमधल्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. रक्त घेताना "काका, मूठ आवळा" म्हणालात, तेवढीच ओळख. पण त्या दुपारी तुमचा फोन आला नसता, तर आम्ही निवांत रिपोर्टची वाट बघत बसलो असतो.

ह्यांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि बसायच्या जागी बारीक, पिवळट-लालसर पुळ्या उठल्या होत्या. घरात एकमताने उष्णता ठरली, सब्जा-गुलकंद सुरू झाला. एका दवाखान्यातून खाजेचं मलमही आलं. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी पुळ्या नीट बघितल्या आणि उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातली चरबी, व साखर तपासायला सांगितलं. "कातडीच्या दुखण्याला रक्त कशाला?" हे पुटपुटलेच!

नळी मशीनमध्ये फिरवल्यावर वर पिवळसर सीरम दिसायला हवं, तिथे दुधासारखं पांढरं दिसलं. तुम्ही पॅथॉलॉजिस्ट मॅडमना दाखवलंत आणि लगेच फोन केलात. "मी डॉक्टर नाही, पण मॅडम म्हणतायत आजच तुमच्या डॉक्टरांना कळवा. पोटात वरच्या बाजूला दुखून कळ पाठीत गेली, तर घरी थांबू नका."

ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातल्या चरबीचा एक प्रकार, निघाले २,८६०. हवेत १५०च्या आत. हजाराच्या वर गेले की स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते, ती जिवावरही बेतू शकते. मुळाशी निघाला दडलेला मधुमेह. इन्सुलिन कमी पडलं की रक्तातली ही चरबी फोडणारं एन्झाइम ढिलं पडतं, चरबी साचत जाते आणि कातडीतल्या पेशी ती गिळून फुगतात. ह्यालाच इरप्टिव्ह झँथोमा म्हणतात. आमच्या सब्जाला ते काय कळणार!

रिपोर्टमध्ये एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, रकाना रिकामा बघून हे गडबडले होते. ट्रायग्लिसराइड्स ४००च्या वर असले की एलडीएल काढायचं नेहमीचं सूत्र लागू पडत नाही, हे काउंटरवर गर्दी असतानाही तुम्ही न चिडता सांगितलंत.

आता इन्सुलिन, ट्रायग्लिसराइड्स उतरवणारं फेनोफायब्रेट आणि मोजून तेल. आकडा २४०वर आलाय. पुळ्या विरल्या, कोपरांवर थोडे काळसर डाग राहिलेत. ह्यांची तक्रार एकच, मामलेदारच्या मिसळीची तर्री सुटली.

पुढच्या तपासणीला येऊच. तेव्हा रांगेत दोन शब्द बोलायला मिळतील की नाही कोण जाणे, म्हणून आधीच लिहिलं. मनापासून आभार, ताई. मॅडमनाही सांगा.