फाटकावरच्या पाटीबद्दल, काका, मनापासून आभार

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं, समोरच तर राहता. पण तुम्ही ते न वाचता खिशात घालाल आणि "चहा घेणार ना?" म्हणाल, हे मला माहीत आहे. तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं, म्हणून असं उघड लिहिते आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मी कोथरूडमध्ये घरीच ब्रेड करते. किलोभर पिठाला ७०० मिली पाणी, २० ग्रॅम मीठ आणि घरी जोपासलेलं आंबवण. विकतचं यीस्ट नाही. ओव्हन लहान, एका वेळी दोनच ब्रेड बसतात. आणि भाजून झाला की लगेच देताही येत नाही. आत वाफ कोंडलेली असते. गरम असताना कापला तर आतून चिकट लागतो, गरमच पिशवीत घातला तर त्याच वाफेनं वरचा कडक पापुद्रा मऊ पडतो. तासभर तरी जाळीवर मोकळा ठेवावा लागतो. त्यामुळे घ्यायला आलेल्या माणसांना थांबावं लागतं.

हे थांबणंच आमच्या सोसायटीला खुपलं. लिफ्टशेजारी छापील नोटीस लागली, बाहेरच्या व्यक्तींनी आवारात थांबू नये. अन्नसुरक्षेची (एफएसएसएआय) सरकारी नोंदणी होती, ती दाखवली. फक्त शनिवारची सकाळ, पार्किंगचा एक कोपरा, एवढंच मागितलं. बैठकीत विरोध दोघा-तिघांनीच केला. दिवाळीत ज्यांच्या घरी मी स्वतः ब्रेड नेऊन दिला होता, ती मंडळी मोबाइलमध्ये बघत बसली. विरोध करणाऱ्यांवरचा राग केव्हाच गेला. गप्प बसलेल्यांवरचा अजून जात नाही, आणि तो गेलाय असं मी म्हणणारही नाही.

मग लोक फुटपाथवर उभे राहू लागले. कॅम्पातल्या कयानी बेकरीसमोर १९५५ पासून पुणेकर बिस्किटांसाठी रांगा लावत आले आहेत, बेकरीपुढे ताटकळणं आपल्याला नवीन नाही. पण आमच्या गल्लीत उभं राहायलाही जागा नव्हती. जुलैचा पाऊस, अंगावर चिखल उडवत जाणाऱ्या दुचाकी, आणि रात्रपाळी करून थेट आलेली एक सिस्टर छत्री धरून भिंतीला टेकलेली. तिच्याकडे बघून मी ठरवलं होतं, पुढच्या शनिवारपासून बंद करायचं.

तेव्हा तुम्ही फाटक उघडून बाहेर आलात. "पावसात काय उभे आहात सगळे? आत या." बस, एवढंच.

काका, ओटा दिलात हे मोठं आहेच. आजूबाजूचे बंगले एकेक करून पाडले जात असताना तुमचा ओटा अजून शाबूत आहे, हे आमचं नशीब. पण खरी गोष्ट त्याच्या पुढच्या शनिवारची. मी ब्रेडची टोपली घेऊन आले तर फाटकाला पाटी. जुनीच होती, "बेल एकदाच वाजवावी" वाली. तुम्ही ती उलटी करून मागच्या बाजूला लिहिलं होतंत:

"पाव घ्यायला आलेल्यांनी आत येऊन बसावे. पाणी माठात आहे. शनिवारी ८ ते ११."

"बसावे"ला जागा कमी पडली म्हणून शेवटचा "वे" बारीक करून कडेला चढवलेला. तुमच्या उजव्या अंगठ्याला पांढरा रंग तसाच होता. आणि तो खडू नव्हता, काका, ऑइल पेंट होता. खडूनं लिहिलं असतंत तर पहिल्या सरीत पुसलं गेलं असतं, पुढच्या शनिवारी मी पुन्हा विचारायला आले असते, पुन्हा संकोच वाटला असता. ऑइल पेंटनं लिहिलंत म्हणजे मला परत कधी विचारायला लागू नये, हे तुम्ही आधीच ठरवलं होतं. मी त्या फाटकाशी उभी राहून रडले. तुम्ही बघितलंत आणि माठात पाणी भरायला आत गेलात. त्याबद्दलही आभार.

भाड्याचा विषय मी काढला, तर तुम्ही म्हणालात, "ओटा बसायलाच असतो." मग कधीतरी बोलता बोलता १२ जुलै १९६१ निघाला. पानशेत धरण फुटलं, नारायण पेठेतलं तुमचं घर पाण्यात गेलं आणि कुठल्या नात्यातल्या ना गोत्यातल्या माणसांनी तुमच्या अख्ख्या कुटुंबाला ओट्यावर जागा दिली. तुम्ही तेव्हा शाळकरी पोर. त्या घरातल्या बाईंनी पहिल्या रात्री काही विचारलं नाही, आधी कोरडे कपडे दिले, असं तुम्ही सांगितलंत. हे शहर नियमांचं आणि पाट्यांचं म्हणून ओळखलं जातं. पण न विचारता आधी कोरडे कपडे देणारी माणसंही याच शहराची आहेत. फार आहेत. त्यांची नोटीस लागत नाही म्हणून दिसत नाहीत.

ओट्यावर आता काय चालतं ते तुम्ही दर शनिवारी बघताच, तरी सांगते. स्पर्धा परीक्षेसाठी लातूरहून आलेला मुलगा पलीकडच्या इमारतीतल्या, ज्यांना जिना उतरवत नाही अशा आजींचा ब्रेड वर नेऊन देतो. आजी त्याला मेतकूट-भात खाऊ घालतात. खपलीचा ब्रेड फुगत का नाही, यावर दोन निवृत्त प्राध्यापकांचा वाद अजून मिटलेला नाही. (त्या गव्हातलं ग्लुटेन कमकुवत असतं. म्हणून मी तीसेक टक्केच खपली घालते, बाकी साधा गहू.) पूर्वी विरजणाला वाटी घेऊन शेजारी जायचे, तशा बायका आता माझ्याकडून आंबवण नेतात. कुणाचं मेलं तर दुसरीकडून आणतात, माझ्यापर्यंत येतही नाहीत. मला याचाच सगळ्यात जास्त आनंद आहे. आमच्या सोसायटीच्या समितीतल्या एकांच्या घरीही ब्रेड जातो. मी देते, आणि इतरांना देते तितकाच चांगला देते.

सिस्टरची ड्युटी बदलली आहे, तिला साडेसातला यायला हवं. चालेल ना? आणि दर शनिवारी तुम्ही आमची नजर चुकवून डब्यात पैसे टाकता, ते मला दिसतं. या शनिवारपासून तुमच्या ब्रेडचे पैसे घेणार नाही. डब्यात सापडले तर काकूंकडे नेऊन देईन.

आपली,
समोरची पाववाली