मिशिगनहून मित्रास पत्र : लटकणाऱ्या रोबोटविषयी

नोव्हाय, मिशिगन
दि. २२ मे २०२२

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या शाळेतील मुलांना पुढील वर्षी दांड्यावर चढणारा रोबोट करावयाचा आहे आणि सुरुवात कोठून करावी, असे तू विचारले आहेस. येथील ज्या शाळेच्या संघाला मी शनिवार-रविवार मदत करतो, त्या संघाने यंदाच्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेसाठी, म्हणजे शाळकरी संघांच्या आंतरराष्ट्रीय रोबोट स्पर्धेसाठी, नेमके हेच काम केले. त्यामुळे आठवणी ताज्या आहेत तोवर सविस्तर लिहितो.

यंदाच्या ‘रॅपिड रिॲक्ट’ या खेळात मैदानाच्या एका बाजूस पाइपचे चार आडवे दांडे होते. जमिनीपासून त्यांची उंची अनुक्रमे सुमारे १२४, १५३, १९२ आणि २३१ सेंटीमीटर, आणि गुण ४, ६, १० आणि १५. सामना अडीच मिनिटांचा होता आणि चढण्याची धावपळ बहुधा शेवटच्या तीस सेकंदांत होई. तीन रोबोटांच्या गटाने मिळून चढाईचे १६ गुण केले, तर क्रमवारीसाठी एक जादा गुण मिळे. म्हणजे एकाने सर्वांत वरचा दांडा गाठला तरी तेवढ्याने तो मिळत नाही. उलट एकाने १० आणि दुसऱ्याने ६ मिळवले की तो मिळतो. यंत्राचे चित्र काढण्यापूर्वी मुलांनी ही बेरीज फळ्यावर मांडावी, असा माझा आग्रह होता. अखेर आम्ही वरच्या दांड्याचाच मार्ग धरला. परंतु यंत्राची रचना अशी ठेवली की अर्ध्यावर काही बिघडले तरी दुसऱ्या दांड्याचे गुण हातचे जाऊ नयेत.

उचलण्याचे गणित सोपे आहे. २०२२ च्या नियमाप्रमाणे बॅटरी आणि बंपर (रोबोटभोवतीचे धक्के झेलणारे गादीचे कठडे) वगळून रोबोटचे वजन १२५ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ५७ किलोंपर्यंत चालत असे. ते दोन्ही धरून आमचा रोबोट ६८ किलोंच्या आसपास गेला. तो ६० सेंटीमीटर वर उचलण्यास सुमारे ४०० ज्यूल लागतात. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे दोन हात, प्रत्येक हाताला एक मोटर, २० पट गती कमी करणारा गिअरबॉक्स आणि २५ मिलिमीटर व्यासाच्या रिळावर गुंडाळली जाणारी दोरी, एवढ्यावर हे काम दोन सेकंदांच्या आत होते. मुलांना सर्वाधिक धास्ती मोटरच्या ताकदीची होती आणि तिथेच आम्हाला सर्वांत कमी त्रास झाला.

खरी अडचण भार एका हुकावरून दुसऱ्या हुकावर जाण्याच्या क्षणी येते. सुहास, माझ्या मते सगळी रचना त्या क्षणापासून मागे मागे विचार करीत करावी. हात आखडून रोबोट वर आला की चौकटीवरचे दोन स्थिर हूक दांड्याच्या वर जातात आणि त्यांच्या स्प्रिंगच्या जिभा पाइपखाली अडकतात. मग हात किंचित लांबवून सगळे वजन या स्थिर हुकांवर सोपवायचे, मोकळे झालेले हात हवेच्या पिस्टनने मागे झुकवायचे आणि पुढचा दांडा पकडायचा. तो वर ३९ सेंटीमीटर आणि आडवा सुमारे दोन फूट दूर असतो. हात पुन्हा आखडू लागले की स्थिर हूक सुटतात आणि ६८ किलोंचे धूड झोपाळ्यासारखे झुलू लागते. आमचा एक झोका जवळपास दोन सेकंदांचा होता. झोका चालू असताना हात पुढे केला की हूक पाइपला नुसता धडकून परत येई. शेवटी मुलांनी जायरोच्या (रोबोट किती वेगाने झुकतो वा वळतो हे मोजणाऱ्या संवेदकाच्या) आकड्यांवरून झोक्याचे टोक ओळखले आणि तेवढ्याच क्षणी हात लांबवण्याची आज्ञा लिहिली. त्या संध्याकाळी रोबोट प्रथमच चौथ्या दांड्यावर जाऊन शांत लटकला, तेव्हा कार्यशाळेत कुणालाच बोलणे सुचले नाही.

दोन गोष्टी आम्ही चुका करून शिकलो. पहिली, दोरी. हात भाराविना लांबताना दोरी सैल पडली आणि रिळाच्या कडेवरून उतरून आसात गुंतली. सबंध रविवार ती कापून काढण्यात गेला. म्हणून हात वर ढकलणारी स्प्रिंग अशी घ्यावी की दोरी कधीच सैल पडणार नाही. दुसरी अधिक महत्त्वाची. सामना संपताच मोटरींची वीज बंद होते. आमच्या पहिल्या नमुन्यात रोबोट केवळ मोटरच्या जोरावर लटकत होता; वीज बंद करताच तो हळूहळू खाली आला आणि पाहता पाहता चाके जमिनीला टेकली. गुण सामना संपल्यानंतर मोजतात, त्यामुळे हे परवडण्यासारखे नव्हते. तेव्हापासून मोटरने फक्त उचलावे आणि धरून हुकानेच ठेवावे, हा आमचा नियम झाला. जेथे स्थिर हूक बसवणे शक्य नाही, तेथे रिळाच्या आसाला रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने फिरू देणारे दातेरी चाक, लाव. मात्र त्याचा खटका सोडवण्याची सोयही त्याच दिवशी कर, नाहीतर हात पुन्हा लांबवता येणार नाही.

२००८ साली पुण्यात झालेल्या एबीयू रोबोकॉनचा, म्हणजे आशिया-पॅसिफिकमधील महाविद्यालयीन रोबोट स्पर्धेचा, विषय ‘गोविंदा’ होता, हे तुला आठवत असेलच. या हंगामात मला तो अनेकदा आठवला. थर लावताना खालच्याचा खांदा स्थिर झाल्याची खात्री होईपर्यंत वरचा गोविंदा पाय उचलत नाही. माझ्या मुलांना दहीहंडी ठाऊक नव्हती. मी चित्रफीत दाखवली, आणि मग प्रत्येक टप्प्यावर ‘नवा हूक बसला का?’ हे तपासल्याशिवाय जुना सोडायचा नाही, अशी अट त्यांनी आपणहून प्रोग्रॅममध्ये घातली.

तुझ्याकडे प्रथम लाकडी चौकटीत खरा पाइप बसवून घे, कारण पाइपची जाडी बदलली की हुकाची जीभ अडकत नाही. आमचा पाइप बाहेरून ४२ मिलिमीटरचा होता. तुमच्या स्पर्धेतील दांड्यांची उंची, त्यांतील अंतर आणि रोबोटच्या वजनाची मर्यादा एवढे कळव; त्यावरून हातांची लांबी काढून आराखडा पुढच्या आठवड्यात पाठवतो. आणि कार्यशाळेच्या छताची उंचीही मोजून ठेव. आम्ही ते विसरलो होतो आणि हात पूर्ण लांबवून पाहण्यासाठी आम्हाला रोबोट व्यायामशाळेत न्यावा लागला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध