सोळाव्या दिवशी काय?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘प्रवासी महिलेशी गैरवर्तन, टॅक्सीचालकाचा परवाना १५ दिवसांसाठी निलंबित’ ही आपल्या अंकातली छोटी बातमी वाचली. वर ‘कडक कारवाई’ असा शिक्काही मारलेला होता. गैरवर्तन म्हणजे नेमकं काय, ते बातमीत नव्हतं. १५ दिवसच का, तेही नव्हतं.

मी टॅक्सीचालकाची मुलगी आहे. रात्री उशिरा एकटीने टॅक्सीत बसणारी बाईही आहे. त्यामुळे ही बातमी मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा अस्वस्थ झाले. तो माणूस बायकांसाठी धोकादायक असेल, तर सोळाव्या दिवशी तो पुन्हा रस्त्यावर येणार आहे. आणि त्याने नुसताच उद्धटपणा केला असेल, वाद घातला असेल, तर त्याचं अर्ध्या महिन्याचं उत्पन्न गेलं ते कुठल्या हिशेबाने? निलंबन या एकाच शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक म्हणजे चौकशी होईपर्यंत प्रवाशांना सुरक्षित ठेवण्याची खबरदारी, दुसरी म्हणजे चौकशीअंती दिलेली शिक्षा. त्या १५ दिवसांत यातलं काय होतं, हे त्या चालकालाही कुणी सांगितलं असेल की नाही, मला शंका आहे.

शंकेला कारण आहे. माझे वडील शिफ्टवर टॅक्सी चालवायचे. एकदा एका प्रवाशाने तक्रार केली की चालक ओरडला आणि त्याने अर्ध्या वाटेत उतरवलं. आधी महिनाभर बिल्ला जमा झाला, सुनावणी त्यानंतर. सुनावणीत त्यांना एवढंच विचारलं गेलं, “त्या दिवशी गाडी तुम्हीच चालवत होता ना?” वडील हो म्हणाले. संपलं. आता खरं सांगायचं तर वडील ओरडले होते. घरी येऊन त्यांनीच आईला सांगितलं होतं. त्या माणसाने मागून सीटला लाथा मारल्या होत्या, हेही सांगितलं होतं. पण ते सांगण्याची जागा सुनावणी होती, आमचं स्वयंपाकघर नव्हे. महिनाभराची कमाई बुडाली त्याचं दुःख त्यांनी केव्हाच गिळलं. कुणी विचारलंच नाही, हे मात्र ते पुढे कितीतरी वर्षं बोलून दाखवायचे.

हाच प्रकार न्यूयॉर्कमध्ये मोठ्या प्रमाणावर घडला आहे. तिथे चालकाला अटक झाली, की आरोप सिद्ध होण्याची वाट न पाहता टॅक्सी आयोग परवाना तडकाफडकी निलंबित करायचा. सुनावणी मिळायची, पण तीत अटक झालेला माणूस हाच का आणि आरोप कोणता, याच्या पलीकडे फारसं काही पाहिलं जात नसे. चालकांनी २००६ मध्ये दावा लावला. २०१९ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने सांगितलं, की असली सुनावणी पुरेशी नाही. या माणसाकडून प्रवाशांना खरोखर धोका आहे का, हे तपासण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. तेरा वर्षं लागली एवढं म्हणायला! त्याच शहरात १९९९ मध्ये अभिनेते डॅनी ग्लोव्हर यांनी जाहीर तक्रार केली होती, की कृष्णवर्णीय असल्याने टॅक्सीवाले आपल्याला नाकारतात. तक्रार खरी होती, राग रास्त होता. महापौर जुलियानींनी भाडं नाकारणाऱ्यांचे परवाने जागच्या जागी निलंबित करायची मोहीम काढली. पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती पद्धत बेकायदा ठरवली. भाडं नाकारणं हा गुन्हा आहे, पण चालकाचं म्हणणं ऐकायलाही वेळ नाही अशी ती आणीबाणी नव्हे.

हे वाचून कुणाला वाटेल, बापाची मुलगी बापाच्या धंद्याची बाजू घेते आहे. म्हणून दुसरी बाजूही सांगते.

काही वर्षांपूर्वी एका रात्री मी ज्या टॅक्सीत बसले, तिचा चालक सारखा आरसा हलवत होता. घरी कोण कोण असतं, नवरा काय करतो, असे प्रश्न सुरू झाले. मग गाडी मोठा रस्ता सोडून आत वळली. मी फोन लावून मोठ्याने बोलायला लागले तेव्हा ती परत रस्त्यावर आली. त्याने मला हात लावला नाही, शिवी दिली नाही, भाडंही जास्त घेतलं नाही. पोलिसांत सांगायला जावं तर सांगणार काय? तरी मी गाडीचा नंबर देऊन लेखी तक्रार केली. पाच महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: ‘सदर प्रकरणी योग्य ती कारवाई करण्यात आली आहे.’ योग्य ती म्हणजे कोणती? या माणसाविरुद्ध आधी कुणी अशीच तक्रार केली होती का, एवढं तरी कळेल का, असं मी विचारलं. ती माहिती देता येत नाही, असं कळलं.

मला त्याच्या खासगी आयुष्यात रस नव्हता. प्रश्न एवढाच होता, की माझी तक्रार आधीच्या तक्रारींना जोडून कुणी वाचली का. सुटी तक्रार जवळजवळ नेहमीच किरकोळ दिसते. लंडनमधल्या जॉन वॉरबॉइजचं प्रकरण आठवा. परवानाधारक काळी टॅक्सी चालवणारा हा माणूस प्रवासी स्त्रियांना गुंगीचं औषध घातलेलं पेय देऊन त्यांच्यावर अत्याचार करत असे. २००३ मध्येच एका महिलेने पोलिसांकडे तक्रार केली होती. २००७ मध्ये दुसऱ्या एका तक्रारीवरून त्याला अटक झाली आणि सोडूनही दिलं गेलं. तो टॅक्सी चालवत राहिला. पुढच्या वर्षी पुन्हा पकडला गेला तेव्हा कुठे धागे जुळले, आणि २००९ मध्ये १२ महिलांबाबतच्या गुन्ह्यांत तो दोषी ठरला. पोलिसांच्या तपासातल्या गंभीर त्रुटींमुळे पीडित महिलांच्या मूलभूत हक्कांचा भंग झाला, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. अशा माणसाला १५ दिवसांच्या निलंबनाने काय फरक पडला असता?

इंग्लंडने त्यानंतर एक गोष्ट बरी केली. एका गावाने परवाना काढून घेतला की शेजारच्या गावात जाऊन नवा काढायचा, ही पळवाट बुजवण्यासाठी २०२२ च्या कायद्याने तिथल्या परवाना देणाऱ्या संस्थांना बंधन घातलं, की प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या कारणावरून परवाना नाकारला, निलंबित किंवा रद्द केला तर त्याची नोंद सामाईक नोंदवहीत करायची, आणि नवा परवाना देण्याआधी ती पाहायची. ॲपवाल्या कंपन्यांना असलं काही लागू करायचं कुणी मनावर घेईल का? तिथे तर चालकाचा ‘आयडी’ एका सकाळी बंद होतो, का ते त्याला कळत नाही, आणि तोच माणूस संध्याकाळी दुसऱ्या ॲपवर दिसतो. दोन्ही पक्षांवर एकदम अन्याय करण्याची किमया त्यांना साधली आहे.

नियमांची वानवा आहे असंही नाही. भारताच्या मोटार वाहन कायद्याचं, १९८८ चं, कलम १९ घ्या. लायसन्स काही काळासाठी किंवा कायमचं काढून घेण्याआधी चालकाचं म्हणणं ऐकायचं, कारणं लेखी नोंदवायची, आणि त्याला ३० दिवसांत अपील करता येतं, हे सगळं त्यात आहे. कोणत्या वागण्यासाठी ही कारवाई होऊ शकते त्याची लांबलचक यादी १९८९ च्या केंद्रीय नियमांत, नियम २१ मध्ये दिली आहे. यादी वाचण्यासारखी आहे. तीत प्रवाशाचं अपहरण आहे, प्रवाशावर हल्ला आहे, आणि त्याच रांगेत गाडी चालवताना विडी ओढणं, जवळच्या रस्त्याने न नेणं, पहिलं आलेलं भाडं न घेणंही आहे. कायद्याने एकाच पिशवीत सगळं भरलं, ते ठीक. पण पिशवीतून काय बाहेर काढलं, ते आदेशात स्पष्ट लिहायला नको का? ‘गैरवर्तन’ एवढा एकच शब्द लिहिला, की विडी ओढणारा आणि बाईला आडरस्त्याला नेणारा एकाच ओळीत उभे राहतात. विडीवाला उगाच बदनाम होतो आणि दुसरा त्याच्या आडोशाला लपतो.

ब्रिटनमध्येच २०१२ मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या टॅक्सीचालकांच्या एका खटल्यात उच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की तिथल्या कायद्यातलं निलंबन म्हणजे ‘तूर्तास थांबवून ठेवू, मग बघू’ असं नव्हे. तो चालकाची बाजू ऐकून, विचारांती घेतलेला निर्णय असला पाहिजे. प्रत्येक देशाने हीच व्याख्या घ्यावी असं माझं म्हणणं नाही. खबरदारीचं तात्पुरतं निलंबन मला हवंच आहे, आणि आरोप गंभीर असेल तर त्याच रात्री हवं आहे. पण मग ते खबरदारीचं आहे असं आदेशात लिहा, चौकशीची तारीख त्याच कागदावर टाका, आणि चौकशी संपेपर्यंत गाडी सुटणार नाही असं ठरवा. शिक्षा द्यायची तर आधी ऐका. ब्रिटिश सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक निकषांत परवाना देणाऱ्यांनी स्वतःला विचारायचा एक प्रश्न दिला आहे. त्याचा आशय असा: आपल्या जिवाभावाच्या माणसाला, दिवसा किंवा रात्री कुठल्याही वेळी, या चालकाच्या गाडीत एकटं बसू द्याल का? उत्तर ‘नाही’ असेल तर १५ दिवस हा आकडा येतोच कुठून, हे मला अजून उमगलेलं नाही.

एक मोबाइलवरच्या चित्रफितींबद्दल. हल्ली आधी ती फिरते, मग कारवाई होते. जिच्याजवळ चित्रीकरण नाही तिची तक्रार फायलीत पडून राहते, आणि ज्याची फीत फिरली त्या चालकाची वाद कुठून सुरू झाला ती पहिली दोन मिनिटं कुणीच पाहत नाही. अधिकाऱ्यांवर दबाव असतो हे समजू शकते. पण तडकाफडकी निलंबनाची बातमी आली की आपणही टाळ्या वाजवून पान उलटतो, त्याचं काय?

म्हणून संपादक महोदय, विनंती आपल्यालाच आहे. बातमीत दिलेल्या तारखेप्रमाणे त्या चालकाचे १५ दिवस पुढच्या मंगळवारी संपतात. बुधवारी आपल्या बातमीदाराला पुन्हा त्या कार्यालयात पाठवा. चौकशी झाली का, त्या बाईंना कुणी बोलावलं का, चालकाने काय सांगितलं, आणि तो गाडीवर परत आला का, एवढं विचारून यायला सांगा. जे उत्तर मिळेल ते त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापा. ‘योग्य ती कारवाई करण्यात आली’ असं उत्तर मिळालं, तर तेही जसंच्या तसं छापा.

आपली,
एक नियमित वाचक